हत्याराची वाट

श्रोतेहो, वर्ध्याच्या मगनवाडीतलं मगन संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. तिथे चरख्यांचे निरनिराळे नमुने मांडलेले आहेत. शाळेची सहल येते, मुलं चाकाला हात लावून पाहतात आणि पुढे जातात. आज आपण त्या चरख्यांकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू. आपल्या जिल्ह्यातली मुलं आयटीआयचा अभ्यासक्रम संपवून बुटीबोरीला, हिंगण्याला, पुण्याकडे जातात आणि सीएनसी नावाच्या यंत्रापुढे उभी राहतात. संगणक आज्ञा देतो, त्याप्रमाणे हे यंत्र धातू कापतं. त्या यंत्राला जे सांगावं लागतं, तेच पूर्वी कातायला बसलेल्या मुलीला तिची आजी सांगत असे. हात कुठून कुठे न्यायचा, आणि नेताना त्याचा कल कसा ठेवायचा! यालाच मी हत्याराची वाट म्हणतो.

चरख्यावर काय होतं ते पाहा. एक हात चाक फिरवतो, दुसरा पेळू मागे ओढतो. धागा चातीच्या टोकाशी तिरपा धरला, तर त्याला पीळ बसतो. तोच धागा चातीशी काटकोनात आणला, तर तो चातीवर गुंडाळला जातो. म्हणजे हाताची जागा जितकी महत्त्वाची, तितकाच त्याचा कलही महत्त्वाचा. शिवाय बोटांना धागा कळतो. जाड झाला की ती ओढ वाढवतात, तुटायला आला की सैल सोडतात.

हे कौशल्य यंत्रात उतरवायचा एक मोठा प्रयत्न आपल्या देशात झाला. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी कडक होत्या. यंत्र खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावं, आठ तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत त्याने द्यावं, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी आणि ते वीस वर्षं टिकावं. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. प्रभुदास गांधी यांनी तयार केलेल्या आणि मगनलाल गांधींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मगन चरख्याने मात्र एक शहाणपणाची तडजोड केली. चाक फिरवण्याचं काम पायाकडे दिलं आणि दोन्ही हात मोकळे ठेवून दोन चात्यांवर दोन धागे काढले. यंत्राने चाकाचं बळ तेवढं उचललं. वाट हातांकडेच राहिली.

वाट यंत्राकडे सोपवायची, तर ती आधी कुठे तरी लिहून ठेवायला हवी. याचीही सुरुवात कापडाच्या धंद्यातच झाली. फ्रान्समधल्या लिऑन शहरात जाकार नावाच्या कारागिराने 1804 च्या सुमारास असा माग केला, की त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरची भोकं ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे ते ठरवीत. पट्ट्या बदलल्या की नक्षी बदले. पण भोक आहे किंवा नाही, एवढंच त्या पट्टीला सांगता येई. वळणावळणाने धातू कापणाऱ्या हत्याराची वाट सांगायला आकडे लागणार होते.

ते आकडे आले अमेरिकेत, विमानांच्या धंद्यातून. मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स यांचा कारखाना हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्याची वाकण बिनचूक हवी होती. त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी गणकयंत्राच्या मदतीने त्या वक्ररेषेवरच्या पुष्कळ बिंदूंचे आकडे काढले. मग एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने यंत्राची एक मूठ फिरवायची, तिसऱ्याने दुसरी. माणसांकडून आकड्यांबरहुकूम चालवलेलं यंत्रच होतं ते! 1949 साली तिथल्या वायुदलाने हे काम पुढे नेण्यासाठी पैसा दिला आणि 1952 च्या सप्टेंबरात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून तीन अक्षांचं मिलिंग यंत्र चालवून दाखवण्यात आलं. 1959 साली त्याच संस्थेत डग्लस रॉस यांच्या पुढाकाराने तयार झालेली, यंत्राला वाट सांगणारी भाषा लोकांपुढे मांडली. नमुना म्हणून अॅल्युमिनियमची रक्षापात्रं कापून वाटली होती.

इथे इतिहासात एक फाटा फुटला होता, तो फारसा सांगितला जात नाही. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दुसरीच रीत काढली होती. कसबी कारागिराने पहिला नग आपल्या हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवायच्या, आणि पुढचे नग यंत्राने त्या फितीवरून करायचे. म्हणजे वाट कारागिराचीच राहिली असती. ही रीत मागे पडली आणि आकडे कचेरीत लिहून खाली पाठवण्याची रीत जिंकली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने 1984 साली आपल्या ग्रंथात असं मांडलं, की ही निवड केवळ तंत्राच्या सोयीची नव्हती. कामावरचा ताबा कारागिराच्या हातून काढून घेण्याची इच्छाही तिच्यामागे होती. दुसरी बाजूही खरी आहे. विमानाच्या पात्यासारखी वाकण कितीही कसबी हाताला पहिल्यांदा बिनचूक जमणं कठीण, तिथे गणिताला पर्याय नाही. पण गणित कचेरीत गेलं आणि धातूचा अनुभव कारखान्यात राहिला, तर दोघेही अर्धवट राहतात.

आजच्या पाच अक्षांच्या यंत्रावर हे अधिकच जाणवतं. तीन अक्ष हत्याराची जागा सांगतात: डावी-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली. उरलेले दोन त्याचा कल सांगतात. चातीजवळचा तिरपा आणि काटकोनी धागा आठवा! ज्या मुलांना ही वाट आखायची आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पाच अक्ष आहेत म्हणून पाचही एकदम हलवू नका. बंडीच्या चाकाचा तुंबा करताना सुतार काय करतो? बारा आरे असतील तर तुंबा तीस-तीस अंशांनी फिरवतो, पक्का धरतो आणि मगच भोक पाडतो. तसंच इथेही दोन अक्ष हव्या त्या कलावर पक्के करून उरलेल्या तिन्हींनी जाडंभरडं काम उरकावं. यंत्र घट्ट राहतं, कंप कमी होतो. पाचांची एकत्र चाल पंपातल्या चक्राच्या पिळदार पात्यासारख्या जागी, जिथे तिच्यावाचून भागत नाही तिथेच वापरावी.

दुसरी, गोल टोकाचं कटर सरळ उभं टेकवू नका. जातं फिरताना काठ धावतो आणि खुंट्याजवळचा दगड जवळजवळ जागच्या जागी असतो. कटरचंही तसंच आहे. नेमक्या टोकाला वेग नसतो, तिथे ते कापण्याऐवजी घासतं. थोडा कल दिला की बाजूची धार कामाला लागते. कल दिल्याने हत्याराची मूठ कामापासून दूर राहते आणि आखूड हत्यार चालतं. आखूड हत्यार कमी वाकतं, हे पहारीने खणणाऱ्याला सांगायला नको.

तिसरी, दोन फेऱ्यांतलं अंतर विचाराने ठरवा. नांगराच्या दोन तासांत वरंबा उरतो तसा धातूवरही उरतो. दहा मिलिमीटर व्यासाचं गोल टोकाचं कटर सपाट पृष्ठावर एकेक मिलिमीटर सरकवत नेलं, तर सुमारे 0.025 मिलिमीटर उंचीचा वरंबा राहतो. अंतर निम्मं केलं की वरंबा चौथाईवर येतो, पण फेऱ्या दुप्पट होतात. कुठे गुळगुळीतपणा हवा आणि कुठे वेळ वाचवायचा, ते काम पाहून ठरवावं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कापतानाची वाट सगळे तपासतात; एका जागेवरून दुसरीकडे वेगाने जातानाची वाट तपासायची राहून जाते, आणि धडक बहुधा तिथेच होते. म्हणून आधी संगणकाच्या पडद्यावर हत्यार, त्याची मूठ आणि काम धरणारा शिकंजा, सगळं दाखवून वाट चालवून पाहावी. मग यंत्रावर कामाच्या वर अधांतरी, हळू वेगाने एक फेरी घ्यावी, आणि थांबवायच्या बटणावर हात ठेवावा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे सगळं गणिताच्या तासाला सांगता येतं. आलेखाचे अक्ष काढताना मुलांना टकळी द्या, धाग्याचा कल बदलून दाखवायला सांगा. कोन म्हणजे काय, ते बोटांना आधी कळेल आणि मग वहीत उतरेल. आणि यंत्रावर जाणाऱ्या मुलाला एवढं जरूर सांगा, की पडद्यावर वाट आखण्याआधी कानस आणि लेथ यांवर हात बसू दे. धातू कुठे करकरतो, कुठे मऊपणे सुटतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच समोर आलेली चुकीची वाट ओळखता येते, आणि कचेरीतल्या माणसाला ती दुरुस्त करायला सांगण्याचं धैर्यही त्यालाच येतं. फीत जिंकली तेव्हा कारागिराच्या हातून गेलेला ताबा परत मिळवायचा, तर तो असाच मिळेल.