परसबागेआधी जमीन

या पुस्तकात रोपांची पाळी तिसऱ्या प्रकरणात येते. नवख्या वाचकाला हा उशीर खटकेल, पण शिरपुरात बसून बागेवर लिहायचं तर जमिनीला वळसा घालता येत नाही.

तालुका एक, जमिनी दोन. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचा काळा खडक नि मुरूम. दक्षिणेला तापीनं आणून टाकलेला गाळ. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळावर 2004च्या सुमारास इथे काम हाती घेतलं, तेव्हा पाऊस किती पडतो यापेक्षा पडलेलं पाणी मुरत का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. गाळाच्या पट्ट्यात चिकण पिवळ्या मातीचे थर पाण्याला खाली जाऊ देत नाहीत. म्हणून नाले रुंद आणि खोल झाले, सिमेंटचे बंधारे आले, कोरड्या विहिरींत जादा पाणी सोडलं गेलं. ‘शिरपूर पॅटर्न’ची पुढे राज्यभर नक्कल झाली, बेसुमार खोदाईवर तज्ज्ञांनी आक्षेपही घेतले, आणि ते रास्त आहेत. जी खोदाई एका जमिनीला मानवते ती दुसरीला मानवेलच असं नाही.

अंगणातही हेच. हातभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच उभं राहिलं, तर तिथे लिंबू नको, मुळं कुजतील, गादीवाफा करा. काळ्या मातीत कुदळ घालायची ती वाफसा आल्यावरच. मूठभर माती दाबून गोळा करा. बोटानं टोचल्यावर तो फुटला तर वाफसा आहे, नुसता दबला तर दोन दिवस थांबा. ओल्या रानात घाई केली की ढेकळं वाळून दगडासारखी होतात आणि तो हंगाम गेलाच म्हणायचा.

आपल्याकडे मातीत चुनाही फार. जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, की लोक पाणी वाढवतात. झाडाला हवं असतं लोह. ते मातीत असतं, पण चुन्यामुळे मुळांच्या हाती लागत नाही. वर पाणी साचलं तर दुखणं बळावतं.

असं स्वतः बघून शिकण्याची वाट मराठीत नवी नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’नं शेतकऱ्याला आपल्याच रानाचा संशोधक मानलं. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकासोबत जरूर वाचावं.

सुरुवात जूनच्या पावसावर करा: गिलकी, गवार, पोकळा. मे महिन्यात गुलाबाची कलमं आणणाऱ्याला माझा सल्ला पटणार नाही. त्यानं निदान सावलीची सोय करावी. वांग्याचं प्रकरण मात्र मुद्दाम लांबवलं आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण खानदेशात त्याच्याशिवाय परसबागेला परसबाग म्हणायला आधीही कुणी तयार नव्हतं.