खोपोलीच्या माथ्यावरचा महसीर

पहिला दणका पाऊस झाला की कर्जत-खालापूरच्या ओढ्यांना चढणीचे मासे लागतात. उल्हास आणि पाताळगंगेतून निघून, धारेविरुद्ध उड्या घेत ते भातखाचरांपर्यंत पोचतात. अनेक जातींची अंडी याच दिवसांत, याच गढूळ पाण्यात पडतात आणि मादीच्या पोटाबाहेरच फळतात. सरमिसळ व्हायला वाव भरपूर. तरी जाती वेगळ्या टिकतात, कारण चुकून झालेल्या संकराची परीक्षा पुढे नदी घेते.

ही परीक्षा कॅनडात मोजून पाहिली गेली. तिथल्या पॅक्स्टन तळ्यात स्टिकलबॅक माशाच्या दोन जाती आहेत. एक काठाजवळ तळातले किडे टिपते, दुसरी उघड्या पाण्यातले सूक्ष्म जीव. नव्वदच्या दशकात डॉल्फ श्लुटर आणि सहकाऱ्यांना दिसले की, त्यांचे संकर प्रयोगशाळेत धडधाकट वाढतात. तळ्यात मात्र काठालाही मागे पडतात आणि उघड्या पाण्यातही.

खालापूरच्या डोक्यावर, घाट चढून गेले की या गोष्टीचा मराठी अध्याय सुरू होतो. भीमेच्या खोऱ्यातले पाणी लोणावळ्याच्या वळवण धरणात अडवून १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरात उतरवले जाते. त्याच वळवणला सत्तरच्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने महसीरचे बीजकेंद्र चालवले. मासा दख्खनचाच, कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याला ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिले.

केंद्रातले काम हातांचे. पावसाळ्यात पिकलेल्या मादीचे पोट हलकेच दाबून अंडी भांड्यात घेतात, त्यांवर नराचे रेत सोडतात, मग पाणी घालून ती वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी इथे खुद्रीचा संकर ‘टॉर टॉर’ या दुसऱ्या महसीरशीही केला. जोडीदाराची निवड, प्रवाह, शिकारी मासे, खाण्याची चढाओढ हे सगळे इथे गळून पडते. नदीत जे पिल्लू मागे पडले असते, तेही ट्रेमध्ये जगू शकते.

म्हणूनच बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, कुठे सोडायची, हा प्रश्न मोठा आहे. लोणावळ्याची खुद्री सत्तरच्या दशकापासून कावेरीत सोडली गेली. तिथे तिचाच भाऊबंद असलेला, पाठीवर कुबड असलेला महसीर मुळात राहत होता. पुढे खुद्री वाढत गेली आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. त्याची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून २०१८ मध्ये पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला.