मुठीतले एंजिन

नायट्रो एंजिन प्रथम पाहणाऱ्याला ते खेळण्यातले वाटते, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. ऍल्युमिनियमचा मुठीत मावणारा ठोकळा, डोक्यावर थंडाव्यासाठी काढलेल्या पाकळ्या, आणि आत अंगठ्याएवढ्या जाडीचा दट्ट्या. नळकांड्याचे आकारमान अवघे साडेतीन घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल त्याहूनही कमी. परंतु हेच एंजिन मिनिटाला ३०,००० हून अधिक फेरे घेते. ते दोन धावांचे असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. सेकंदाला पाचशे स्फोट! खऱ्या मोटारीच्या एक-अष्टमांश आकाराची, तीन-साडेतीन किलो वजनाची बग्गी त्याच्या जोरावर मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेत धावते, आणि चालक दूर उंच मचाणावर उभा राहून रेडिओच्या लहरींनी तिला वळवतो, थोपवतो, सोडतो. या वर्गाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८६ साली फ्रान्समध्ये झाली.

आपल्याकडेही हा नाद नवा नाही. मुंबईत पवईच्या आय. आय. टी.च्या 'टेकफेस्ट'मध्ये अशा एंजिनांच्या मोटारींची 'फुल थ्रॉटल' नावाची शर्यत होत असे. विद्यार्थ्यांचे गट वर्गणी काढून एंजिन घेत आणि गाडी जुळवीत. अशा गटापुढचा पहिला प्रश्न असतो, एंजिन कोणते घ्यावे? त्याचे सोपे उत्तर म्हणजे डब्यावरचे अश्वशक्तीचे आकडे वाचून सर्वांत मोठा आकडा उचलणे. हे उत्तर बहुधा चुकीचे ठरते. का, हे समजायला या एंजिनाचा इतिहास पाहिला पाहिजे. कारण त्याचा प्रत्येक भाग कुणीतरी, केव्हातरी, काहीतरी सोडून काहीतरी स्वीकारल्याची खूण आहे.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत बिल ब्राउन या तरुणाने नमुना विमानांसाठी 'ब्राउन ज्युनियर' हे छोटे पेट्रोल एंजिन बाजारात आणले. एंजिन हलके होते खरे. पण ठिणगी पाडण्यासाठी लागणारे वेटोळे, धारित्र आणि बॅटरी यांचे ओझे विमानाच्या पोटात बसत असे. घोड्यापेक्षा खोगीर जड, असा तो प्रकार. ही अडचण १९४७ साली रे आर्डेन याने दूर केली. त्याच्या ग्लो प्लगमध्ये ठिणगी नव्हतीच. प्लॅटिनमच्या तारेचे एक बारीक वेटोळे होते. सुरू करताना ते क्षणभर बॅटरीने तापवायचे आणि बॅटरी काढून घ्यायची. पुढे स्फोटाची उष्णता, आणि मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागताच होणारी रासायनिक क्रिया, यांच्या बळावर तार लाल राहते. प्लॅटिनमचा हा गुण येना येथील डोबरायनर या रसायनशास्त्रज्ञाने १८२३ सालीच दाखवला होता. हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमवर सोडून तो दिवा पेटवीत असे. सव्वाशे वर्षे ही युक्ती जणू योग्य आकाराच्या एंजिनाची वाट पाहत थांबली होती.

ग्लो प्लग आला आणि पेट्रोल गेले. आता मिथेनॉल हवे होते, आणि त्याच्या जोडीला नायट्रोमिथेन. हा पदार्थ १८७२ साली जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला. पण तो पिंपांनी मिळू लागला तो पर्ड्यू विद्यापीठात हेन्री हास यांनी १९३० नंतरच्या दशकात त्याच्या उत्पादनाची रीत बसवल्यावर. नायट्रोमिथेनची करामत अशी की, तो आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन येतो. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आत, आणि नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो. वजनाला वजन तोलले तर पेट्रोलमध्ये उष्णता चौपट आहे. परंतु एवढ्याशा नळकांड्यात शिरणारी हवा मोजकीच असते, आणि तेवढ्याच हवेत नायट्रोमिथेन पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता देतो. एंजिनाला इंधनाची कमतरता कधी नसते, हवेची असते. हे ध्यानात आले की या द्रव्याची महती कळते. त्याचा दुसरा चेहरा १९५८ साली दिसला. त्या एका वर्षात अमेरिकेत नायगारा फॉल्स आणि माउंट पुलास्की या दोन ठिकाणी नायट्रोमिथेनने भरलेल्या रेल्वेच्या टाक्यांचा भयंकर स्फोट झाला, आणि त्यानंतर हा माल टाक्यांऐवजी लहान पिंपांतून जाऊ लागला. शर्यतीच्या इंधनात तो मिथेनॉलमध्ये मिसळलेला असतो, म्हणून तितके भय नाही. पण एंजिन बंद केल्यावर त्याचा आम्लधर्मी अवशेष आत राहतो आणि पोलादी बेअरिंगांना गंज चढतो. शर्यत संपताच एंजिनात तेलाचे चार थेंब न सोडणारा मनुष्य नव्या एंजिनासाठी लवकरच पुन्हा वर्गणी काढतो.

या इंधनात तिसरा घटक तेलाचा, आणि तिथे आपला एरंड भेटतो. एरंडाला मराठीने फारसा मान दिलेला नाही. ओसाड गावी तो बळी, आणि व्यर्थ बडबडीला आपण एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतो. परंतु खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, एरंडेल विरघळते. शिवाय तापलेल्या धातूला ते अशा चिवटपणाने चिकटून राहते की इतर तेलांचा थर फाटला तरी त्याचा टिकतो. पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती एंजिने एरंडेलावर चालत. १९१८ च्या सुमारास अमेरिकन सरकारने हिंदुस्थानातून एरंडाचे बी आणवून आपल्या दक्षिणेकडील शेतांत त्याची लागवड करवली, ती याचसाठी. त्या एंजिनांतून उडणारे तेल वैमानिकांच्या तोंडावर येई, आणि एरंडेलाचा पोटावर होणारा परिणाम आपल्या आज्यांना जितका ठाऊक होता तितकाच त्या वीरांनाही कळला, असे सांगतात. आज कृत्रिम तेले आली आहेत. ती स्वच्छ जळतात. तरी पुष्कळ मिश्रणांत थोडे एरंडेल राखतात, कारण इंधनाचे प्रमाण चुकून एंजिन भलतेच तापले तर शेवटी तेच उपयोगी पडते.

आता नळकांड्याकडे वळू. त्याचे आतले अस्तर पितळेचे असते, हे ऐकून नवख्याला आश्चर्य वाटते. पितळ हा आपल्या मनात समईचा नि तांब्या-भांड्यांचा धातू. राहूच्या दर्शनासाठी तिरुनागेश्वरम् येथील नागनाथस्वामींच्या देवळात जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना तो मुलूख ठाऊक असेल. कुंभकोणपासून सहा-एक किलोमीटरांवरचे हे क्षेत्र. भोवतालचा सारा कावेरीकाठ १७९९ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. राहूच्या अभिषेकाचे दूध तेथे निळे होते अशी श्रद्धा आहे. पण धातूंविषयी कुतूहल असणाऱ्याने त्याच परिसरात नाचियारकोविल या गावीही जावे. तेथील कारागीर पितळेच्या उंच समया ओततात. समई एकसंध नसते. बैठक, दांडा, तेलाची वाटी आणि माथ्यावरचे शिखर हे भाग वेगवेगळे ओतून, कातून, आट्यांनी एकमेकांत बसवतात. वितळलेले पितळ निवताना किती आकसेल याचा अदमास ज्याला नाही, त्याचा एक भाग दुसऱ्यात बसायचा नाही.

नायट्रो एंजिनाचे सारे मर्म याच अदमासात आहे. धातू तापला की फुगतो, आणि पितळ लोखंडाच्या दीडपटीहून अधिक फुगते. सोळा मिलिमीटर व्यासाचे लोखंडी अस्तर शंभर अंशांनी तापले तर सुमारे १८ सहस्रांश मिलिमीटर वाढेल. साध्या ऍल्युमिनियमचा दट्ट्या त्याच वेळी ३७ सहस्रांश वाढेल, म्हणजे तो आत अडकेल. कागदाच्या जाडीचा पाचवा भाग एवढाच हा फरक. पण सेकंदाला पाचशे फेऱ्यांत तो प्राणघातक आहे. म्हणून १९६० नंतरच्या दशकात तीन धातूंची जोडी पुढे आली: मुद्दाम सिलिकॉन मिसळून फुगवटा कमी केलेल्या ऍल्युमिनियमचा दट्ट्या, पितळेचे अस्तर, आणि झीज होऊ नये म्हणून त्यावर क्रोमचा मुलामा. अस्तर वरच्या टोकाला किंचित निमुळते ठेवतात, कारण वरचा भाग अधिक तापतो. थंड एंजिन हाताने फिरवले तर दट्ट्या वरच्या टोकाला आवळून धरल्यासारखा अडतो. नवे एंजिन घेताना ही आवळ आहे ना, हे पाहावे. जुने घेताना तर दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल. याच कारणाने थंड एंजिन तसेच झटक्याने सुरू करू नये. डोके आधी गरम करावे, मग चालवावे.

यापुढची कथा मोठी विलक्षण आहे. पूर्व जर्मनीत त्शोपाउ येथील एम. झेड. कारखान्यात वाल्टर काडेन नावाचा एंजिनियर दोन धावांच्या मोटारसायकलींवर काम करीत होता. धूर बाहेर जाताना नळीत दाबाची लाट उठते. नळी पुढे रुंद होत गेली तर लाटेचा काही भाग शोषण होऊन परत येतो आणि नळकांडे रिकामे व्हायला मदत करतो. त्यापुढे नळी पुन्हा अरुंद केली तर परतणारा दाब, धुराबरोबर निसटू पाहणाऱ्या ताज्या मिश्रणाला मागे रेटतो. कल्पना सर्वस्वी काडेनची नव्हे. पण तिला मोजमापाची बैठक त्याने दिली. १९६१ पर्यंत त्याचे १२५ घन सेंटिमीटरचे एंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागले, आणि लिटरमागे दोनशे अश्वशक्तीची मर्यादा प्रथम गाठली गेली. त्याच सप्टेंबरात त्याचा शर्यतवीर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला. बर्लिनची भिंत उभी राहून महिना-सव्वा महिनाच झाला होता. बायको-मुलांना त्याने मोटारीच्या मागच्या कप्प्यात दडवून सीमेपार आणवले. डेग्नर जपानच्या सुझुकीकडे गेला, आणि १९६२ साली ५० घन सेंटिमीटरचे जागतिक विजेतेपद सुझुकीने त्याच्याच हातून मिळवले. काडेन मागेच राहिला, त्याच कारखान्यात. १९६६ साली इंग्लंडमध्ये झालेल्या नमुना विमानांच्या जागतिक वेगस्पर्धेत बिल विस्निव्हस्की या अमेरिकनाने अशीच नळी आपल्या चिमुकल्या एंजिनाला लावून अजिंक्यपद जिंकले. आज बग्गीच्या कुशीला दिसणारा तो फुगीर डबा या वंशातला. आजचे उत्पादक साडेतीन घन सेंटिमीटरला अडीच अश्वशक्तीच्या आसपास आकडे सांगतात. हिशेब लिटरमागे सातशेवर जातो.

पण नळीची ही मदत फेऱ्यांच्या एका ठरावीक टप्प्यातच मिळते, आणि येथेच निवडीचा खरा प्रश्न उभा राहतो. वेगी विमान एकाच गतीने फिरते. त्याला एकच टप्पा पुरतो. मातीच्या मैदानावरील बग्गी दर दोन सेकंदांनी मंदावते, वळते, उसळते आणि पुन्हा जोर मागते. जे एंजिन तीस हजार फेऱ्यांवर गर्जते पण बारा हजारांवर चाचरते, ते वळणातून बाहेर पडताना एकतर मागे पडते, नाहीतर एकदम उसळून चाके माती उकरू लागतात. म्हणून मैदानी गाडीला खालच्या फेऱ्यांत भरीव ओढ असलेले एंजिन घ्यावे. नळकांड्यातील हवामार्गांची संख्या पाहावी. तीन किंवा पाच मार्गांची एंजिने बहुधा सौम्य आणि इंधनाला बेताची असतात, सात मार्गांची वरच्या गतीला उजवी. नळी थोडी लांब घ्यावी, कार्बुरेटरचे तोंड लहान करणारी कडी बसवावी. यात डब्यावरची अश्वशक्ती घटते, हे खरे.

ती घट परत कुठे मिळते? टाकीत. नियमाप्रमाणे टाकी १२५ घन सेंटिमीटरहून मोठी असू शकत नाही, आणि जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी तब्बल तासभर चालते. आठ मिनिटांनी इंधन भरावे लागणारे एंजिन तासात सात वेळा थांबते; दहा मिनिटे चालणारे पाच वेळा. प्रत्येक थांब्याला काही सेकंद जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक थांब्याला एंजिन बंद पडण्याचा संभव असतो.

आपल्या देशात आणखी एक परीक्षक आहे, तो म्हणजे धूळ. दख्खनच्या उन्हाळी मातीचा एक फेरफटका पितळेवरचा क्रोम खरवडायला पुरतो. तेव्हा महाग एंजिन आणि स्वस्त हवागाळणी ही जोडी कुणी जमवू नये; तेल लावलेल्या स्पंजाची दुहेरी गाळणी, आणि ज्याचे दट्ट्या-अस्तर सहज मिळते असे मध्यम एंजिन, ही त्याहून कितीतरी शहाणपणाची. ज्याला केवळ गाडी पळवायची आहे त्याने लिथियमच्या बॅटरीची विजेची गाडी घ्यावी, असे मी तर स्पष्ट सांगेन. ती शांत आहे, स्वच्छ आहे आणि वेगात कुठे उणी नाही. एंजिन त्याने घ्यावे, ज्याला सुईचा पेच अष्टमांश वळण फिरवून धुराचा रंग बदललेला पाहण्यात सुख वाटते.

आणि ही निवड अजून संपलेली नाही. स्फोटकांच्या भीतीने युरोपीय संघाने केलेला नवा कायदा १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. पूर्वी सामान्य नागरिकाला वजनाने तीस टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन असलेले इंधन मोकळेपणी घेता येत असे. आता मर्यादा सोळा टक्क्यांची आहे. पंचवीस टक्क्यांवर जुळवलेली एंजिने त्यामुळे पुन्हा जुळवावी लागली. नायट्रो कमी झाले की दाब वाढवावा लागतो आणि प्लगही बदलावा लागतो. दाब वाढवायचा उपाय साधा आहे. एंजिनाचे डोके उघडायचे, त्याखाली बसवलेल्या तांब्याच्या कागदापातळ चकत्यांपैकी एक काढून घ्यायची, आणि डोके पुन्हा बसवून चारही पेच समान हाताने आवळायचे.