कडी, कोयंडा आणि टॉसिलिझुमॅब

एप्रिल २०२१ मध्ये टॉसिलिझुमॅब हे अवघड नाव कसबा पेठेत घरोघरी तोंडपाठ झालं. तांबट आळीतून फोन जायचे ते एवढंच विचारायला, की कुपी कुठे मिळेल? पेठेच्या इतिहासासाठी १८९७ च्या प्लेगचे कागद मी बरेच चाळले आहेत. त्यांत रोग्याला वेगळं काढणं आहे, घरं रिकामी करणं आहे. पण शरीर स्वतःच्याच बचावात होरपळतं, ही कल्पना मला कुठे आढळली नाही.

ज्या रेणूमुळे हे औषध जन्मलं, त्या इंटरल्युकिन-६ चं जनुक १९८६ मध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने वेगळं केलं. संसर्ग झाला की पेशी हा निरोप धाडतात. १९८८ मध्ये तो स्वीकारणारा रिसेप्टर, म्हणजे ग्राही, हाती आला आणि कोडं पडलं. त्याचं पेशीच्या आतलं टोक इतकं तोकडं, की निरोप आत जाणार कसा? उत्तर जीपी१३० या दुसऱ्या प्रथिनात निघालं. वाड्याच्या दाराला नुसती कडी असून भागत नाही, कोयंडाही लागतो, तसंच हे. २००३ मध्ये स्फटिकावरून रचना दिसली : तिन्ही रेणू दोन-दोन, असे सहा तुकडे एकत्र. मग जीपी१३० च्या आतल्या टोकाची जॅक विकरं स्टॅट३ ला जागं करतात आणि ते केंद्रकात शिरून जनुकं चालू करतं.

सगळे सायटोकाइन-ग्राही असे नसतात. टीएनएफचे तीन-तीन जमतात, केमोकाइनचे पेशीपटलातून सात वेळा ओवलेले असतात. इंटरल्युकिन-६ च्या ग्राहीची खोड निराळी. तो पेशीवरून सुटून रक्तातही फिरतो, आणि जीपी१३० तर जवळपास प्रत्येक पेशीवर. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत दाह पोचतो. टॉसिलिझुमॅब दोन्ही ठिकाणचा ग्राही अडवतं.

ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत ४११६ रुग्ण होते, सगळे प्राणवायू कमी पडलेले आणि दाह वाढलेले. २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ वर आले. शंभरात चार जीव ही लहान गोष्ट नव्हे. पण चिठ्ठीवर नाव लिहून नातेवाइकांना गावभर पळवणाऱ्यांनी हा आकडा सांगायला हवा होता, असं माझं मत आहे. कुपी मिळाली नाही म्हणून माणूस गेला, ही बोच पेठेतल्या काही घरांत अजून आहे. त्या चाचणीच्या हिशेबाने शंभरातले पासष्ट औषधावाचूनही वाचले, आणि एकतीस औषध मिळूनही गेले.