ज्योतीचा श्वास

अग्नीस अन्न लागतें हें सर्वांस ठाऊक असतें. त्यास श्वासहि लागतो ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानीं राहते. सरपण संपलें कीं चूल विझते, हें डोळ्यांस दिसतें. पण हवा अपुरी पडली म्हणजे ज्योत विझण्यापूर्वींच विष सोडूं लागते, तें दिसत नाहीं. घरांत पाणी तापविणाऱ्या गॅसच्या बंबाचा इतिहास हा याच न दिसणाऱ्या गोष्टीचा इतिहास होय. आणि तो परदेशांत घडलेला असला तरी आपल्या न्हाणीघराच्या दारापर्यंत येऊन पोहोंचलेला आहे, म्हणून आम्ही तो येथें थोडक्यांत सांगत आहों.

इ.स. 1868 मध्यें लंडन येथील बेंजामिन वॅडी मॉन यांनीं गॅसवर तत्काळ पाणी तापविणाऱ्या एका यंत्राचें पेटंट घेतलें, आणि आइसलंडमधील उष्णोदकाच्या कारंज्यांवरून त्यास ‘गीझर’ असें नांव दिलें. तेंच नांव आज आपल्या घराघरांत रूढ झालें आहे. या यंत्रास धुराडें नव्हतें. ज्योतीस लागणारी हवा खोलींतून घेतली जाई व जळून उरलेले वायु खोलींतच राहत. या दृष्टीनें पाहतां आपला जुना तांब्याचा बंब अधिक शहाणा म्हटला पाहिजे. त्याच्या पोटांतील नळींत निखारे असत. खालच्या जाळीतून हवा आंत येई, वरच्या तोंडानें धूर बाहेर जाई. आणि तो बहुधा परसांत, नाहीं तर कौलांच्या फटींतून वारा खेळणाऱ्या न्हाणीघरांत मांडलेला असे. शिवाय, लांकूड नीट जळेनासें झालें कीं धूर डोळ्यांस झोंबून घरच्या माणसांस सावध करी. गॅसच्या ज्योतीनें धुराचा त्रास नाहींसा केला. पण त्या त्रासाबरोबर ती सूचनाहि नाहींशी झाली.

हें विष कोणतें, याचा शोध त्यापूर्वींच लागूं लागला होता. कार्बन व ऑक्सिजन यांच्या संयोगानें होणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायु निराळा आहे, हें विल्यम क्रुकशँक यांनीं 1800 च्या सुमारास ओळखिलें. पुढें अर्धशतकानंतर फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनीं तो रक्तास जाऊन चिकटतो व प्राणवायूची जागा अडवितो, हें दाखवून दिलें. या वायूस रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील लाल द्रव्याशीं त्याचें सख्य प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक आहे. हवेच्या दहा हजार भागांत त्याचे सोळा भाग झाले, तर वीस मिनिटांत डोकें दुखूं लागतें, मळमळतें, आणि दोन तासांच्या आंत मृत्यु ओढवतो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञांनीं हा वायु स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले व 1895 मध्यें ते प्रसिद्ध केले. माणसाआधीं लहान प्राण्यावर त्याचा अंमल होतो, म्हणून खाणींत पिंजऱ्यांतले कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा त्यांच्याच सूचनेवरून पडली. त्यांचे चिरंजीव, 1957 मध्यें भारतांत येऊन राहिलेले जे. बी. एस. हॉल्डेन, यांस आपल्याकडील वाचक ओळखतात. परंतु खाणींत पक्षी गेला, तरी न्हाणीघरांत तो कोणी टांगला नाहीं!

ज्ञान झालें, तरी व्यवहार मात्र सावकाश बदलला. युरोपांतील थंड देशांत न्हाणीच्या बंबापाठोपाठ घरभर ऊष्मा पुरविणारा बॉयलर आला. त्यांत तापलेलें पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतून फिरतें. त्याची ज्योत मोठी, म्हणून तिची हवेची भूकहि मोठी. नैसर्गिक वायूच्या एका भागास पुरें जळण्यासाठीं सुमारें साडेनऊ भाग हवा लागते. यावर तोड निघाली ती दुहेरी: जळालेले वायु बाहेर नेण्यास धुराडें, आणि नवी हवा येण्यास भिंतींत कायमचें उघडें भोंक. ब्रिटनमध्यें अशा उघड्या बॉयलरसाठीं ठरलेला हिशेब असा कीं, पहिल्या 7 किलोवॉटपुरती हवा घराच्या फटींतून येते असें धरावें व त्यापुढील प्रत्येक किलोवॉटमागें 5 चौरस सेंटिमीटरचा झरोका ठेवावा. म्हणजे 20 किलोवॉटच्या बॉयलरास 65 चौरस सेंटिमीटर, अर्थात् जेमतेम तळहाताएवढें भोंक पुरें होतें.

पण या एवढ्याशा भोंकाचें वैर मनुष्यस्वभावाशीं होतें. हिवाळ्यांत त्यांतून बोचरा वारा आंत येई, आणि ज्यानें उबेसाठीं पैसे मोजले तो गृहस्थ ती उब बाहेर कशी जाऊं देईल? कोणी भोंकांत चिंध्या कोंबी, कोणी त्यावर कागद चिकटवी, कोणी पुढें कपाट सरकवी. 1973 मध्यें तेलाच्या किंमती भडकल्यावर तर घराच्या फटी बुजविणें हें शहाणपणाचें लक्षण ठरलें. दुहेरी कांचांच्या खिडक्या आल्या आणि ज्या फटींच्या भरंवशावर तो हिशेब मांडला होता त्याच नाहींशा झाल्या. स्वयंपाकघरांत हवा बाहेर फेकणारा पंखा बसला, तो कधीं कधीं धुराड्यांतील वायूसच उलटा खोलींत ओढूं लागला. दरम्यान, 1967 ते 1977 या दहा वर्षांत ब्रिटननें दगडी कोळशाचा गॅस सोडून समुद्रातळीं सांपडलेला नैसर्गिक वायु घरोघर पोहोंचविला. पूर्वीच्या गॅसमध्यें कार्बन मोनॉक्साइड मुळांतच मिसळलेला असे. नव्या वायूंत तो नव्हता. इंधनांतलें विष गेलें. कोंडलेल्या ज्योतींतलें मात्र गेलें नाहीं.

अखेर ज्या युक्तीनें हा प्रश्न सुटला, तिचें मर्म आम्हांस यंत्रापेक्षां मनुष्यस्वभावाच्या ज्ञानांत दिसतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत असे बॉयलर प्रचारांत आले कीं ज्यांची ज्योत बंद पेटींत असते. भिंतींतून आरपार गेलेल्या दुहेरी नळीच्या एका वाटेनें ती बाहेरची हवा घेते व दुसऱ्या वाटेनें जळालेले वायु बाहेरच सोडते. खोलीच्या हवेशीं तिचा संबंधच उरत नाहीं. त्यामुळें खोलींत ज्योतीसाठीं भोंक नको, आणि तें बुजविण्याचा मोहहि नको. ब्रिटनच्या 1998 च्या नियमांनीं न्हाणीघरांत गॅसचें उपकरण बसवावयाचें तर तें अशा बंदिस्त जातीचेंच असावें असें बंधन घातलें. ‘सावध राहा’ असें माणसास सांगत बसण्यापेक्षां, तो विसरला तरी अनर्थ होऊं नये अशी योजना करणें, हा येथील खरा धडा होय.

आतां आपल्याकडे पाहूं. मुंबई, पुणें, नाशिक यांसारख्या शहरांतून सिलिंडरवर चालणारे, धुराडें नसलेले लहान गीझर न्हाणीघरांत बसविले गेले, आणि दार लावून स्नानास गेलेलीं माणसें परत न आल्याच्या बातम्या हिवाळ्यांत वारंवार वाचावयास मिळाल्या. 1868 चेंच यंत्र, तें आतां फरशीनें मढविलेल्या बंद खोलींत! हिशेब सोपा आहे. 10 किलोवॉटच्या ज्योतीस तासाला सुमारें 10 घनमीटर हवा लागते. चार फूट रुंद, सहा फूट लांब व आठ फूट उंच न्हाणीघरांत ती साडेपांच घनमीटरहि नसते. म्हणजे खोलींतील सर्व हवा अर्ध्या तासाची शिदोरी. परंतु ज्योत बिघडते ती हवा संपल्यावर नव्हे; प्राणवायु थोडा उणा झाला कीं कांहीं मिनिटांतच ती विष करूं लागते, आणि आंत स्नान करणारा त्याच हवेवर जगत असतो.

म्हणून ज्या घरीं असा गीझर असेल तेथें तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागीं बसवून आंत केवळ गरम पाण्याचा नळ न्यावा. जळालेले वायु थेट बाहेर जातील अशी व्यवस्था करावी. आणि त्या जागेचा झरोका थंडीच्या किंवा डासांच्या सबबीवर कधींहि बुजवूं नये. स्नान करतांना डोकें जड झालें किंवा मळमळलें, तर तो थकवा न समजतां तत्काळ बाहेर यावें. दुसऱ्या देशानें शंभराहून अधिक वर्षांत जो धडा घेतला, तो आपण आपल्या माणसांचे प्राण देऊन पुन्हा पहिल्यापासून गिरविण्याचें कांहींच कारण नाहीं.