एका घरच्या दोन कारभारणी

तळेघर हें आंबेगांव तालुक्यांतील, सह्याद्रीच्या माथ्याजवळचें लहानसें गांव. घोडेगांवाहून भीमाशंकरास जाणारी वाट येथूनच जाते. पावसाळ्यांत भातखाचरांत वांकून लावणी करणाऱ्या आणि हिरडा वाळत घालणाऱ्या येथील बायका पाहिल्या म्हणजे घरच्या कारभाराचा भार कोणाच्या शिरावर आहे, हें निराळें विचारावें लागत नाहीं. परंतु भार घेणें हें एक, आणि तो कोणत्या वृत्तीनें घेणें हें दुसरें. ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार आमच्याकडे फारसा होत नाहीं. कारभार करणारी बाई एक तर देवता ठरते, नाहीं तर कजाग!

ज्या भीमेचा उगम तळेघराहून कांहीं कोसांवर आहे, तिच्याच कांठीं भोसल्यांच्या घरांतील दोन जावांचें दैव ठरलें. तेथें ह्या वृत्तिभेदाचें जें उदाहरण मिळतें, त्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

नदीनें खालीं गेलें म्हणजे भीमा व इंद्रायणी ह्यांच्या संगमावर तुळापूर लागतें. १६८९ च्या मार्च महिन्यांत त्या परिसरांत औरंगजेबानें संभाजीमहाराजांचा वध करविला. रायगडावर येसूबाई; मांडीवरचा वारस शाहू, वय अवघें सहा-सात वर्षांचें; आणि मोंगलांचा वेढा दाराशीं. अशा प्रसंगीं मुलाच्या नांवानें शिक्के चालविण्याचा मोह कोणत्या आईस झाला नसता? येसूबाईंनीं मात्र संभाजीमहाराज कैद होतांच, ज्यांना आजवर नजरकैदेंत ठेवलेलें होतें त्या धाकट्या दिरास, राजारामास, पुढें केलें. त्यांनीं गड सोडून बाहेर पडावें, आपण मुलासह मागें राहून किल्ला लढवूं, असा त्यांचा सल्ला पडला. राजाराम जिंजीस पोंचले; रायगड त्याच वर्षीं पडला, आणि येसूबाई कैदेंत गेल्या.

हा निव्वळ त्याग होता, असें आम्ही समजत नाहीं. त्यांत हिशेबही होता. नऊच वर्षांपूर्वीं, १६८० सालीं, ह्याच रायगडावर सोयराबाईंनीं आपल्या मुलासाठीं, ह्याच राजारामासाठीं, गादी धरून पाहिली होती. त्यांचे सख्खे बंधु हंबीरराव मोहिते त्यांच्या विरुद्ध पक्षास मिळाले, घर दुभंगलें आणि सोयराबाईंचा शेवट वाईट झाला. मुलाचा हक्क अवेळीं पुढें रेटल्यानें काय होतें, हें थोरल्या सुनेनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. सासूनें ज्याच्यासाठीं घर फोडलें, त्यालाच सुनेनें घर वांचविण्यासाठीं गादीवर बसूं दिलें!

त्याच हंबीररावांची कन्या ताराबाई. १७०० सालीं राजाराम सिंहगडावर वारले तेव्हां त्या पंचविशींत होत्या. आपल्या मुलास, दुसऱ्या शिवाजीस, त्यांनीं गादीवर बसविलें आणि सात वर्षें राज्य हांकलें. किल्ले जात, पुन्हां घेतले जात. मराठी फौजा नर्मदेपार माळव्यांत शिरल्या. मोंगलांचा बखरकार खाफीखान मराठ्यांचा मित्र नव्हे, पण ह्या बाईची हुषारी आणि राज्यकारभाराची व लष्कराची जाण त्यासही मान्य करावी लागली.

१७०७ सालीं औरंगजेब मेला. शाहू सुटून आले आणि भीमेच्याच कांठीं खेड येथें, ज्यास आज राजगुरुनगर म्हणतात, चुलती-पुतण्याच्या फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. आलेला माणूस तोतया आहे, असें ताराबाईंचें म्हणणें. सेनापति धनाजी जाधवांनीं खात्री करून घेतली आणि ते शाहूंस मिळाले. लढाईचा निकाल तेथेंच लागला. पुढच्या वर्षाच्या आरंभीं शाहूंस साताऱ्यास राज्याभिषेक झाला.

येथवर वाचून सामान्य वाचक येसूबाईंस पूज्य आणि ताराबाईंस हट्टी ठरवून मोकळा होतो. वर्गांत विद्यार्थ्यांकडूनही आम्ही हेंच ऐकत आलों. परंतु ज्या घरीं शाहू परत आले तें घर उभें कोणीं ठेवलें होतें? सात वर्षें ताराबाईंनीं मूठ घट्ट आवळली नसती, तर परतणाऱ्या वारसास मागण्याजोगें राहिलें तरी काय असतें? घट्ट मूठ नेमकी कधीं सैल करावी, हें त्या मुठीस ठरवितां येत नाहीं, ही अडचण खरी. पण ती गुणाचीच पाठ आहे.

ताराबाईंस तें पुढेंही साधलें नाहीं. १७१४ त पन्हाळ्यावर सवत राजसबाई हिनें त्यांना व मुलास कैदेंत टाकलें. कैदेंतच मुलगा गेला. शाहूंनंतर नातू म्हणून रामराजास त्यांनींच पुढें केलें, १७५० सालीं तो आपल्या मुठींत राहीना म्हणून साताऱ्याच्या किल्ल्यावर त्यालाच अडकविलें, आणि १७५२ त जेजुरीस जाऊन हा माझा नातूच नव्हे, अशी शपथ वाहिली. पाऊणशें वर्षांची म्हातारी, आणि समोर पेशवा! ह्या शपथेपुढें आमची वकिली थांबते. १७६१ सालीं, पानिपत पाहून, त्या वारल्या.

येसूबाईंनीं मात्र मोबदल्यांत काय मिळविलें? तीस वर्षांची कैद. मुलगा सुटला तेव्हांही ओलीस म्हणून त्या मागेंच राहिल्या. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले तेव्हां त्यांची सुटका झाली. सनदांची कलमें आमच्या पुस्तकांतून पानेंच्या पानें येतात. म्हाताऱ्या आईच्या घरीं येण्यास बहुधा एक ओळ मिळते.

साताऱ्याजवळ माहुलीस, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, ह्या दोघीही जावांच्या समाध्या दाखवितात.