न झालेल्या चक्रीवादळाची नोंद कशी सुधारावी?

६ जून १८८२. मुंबईवर भीषण चक्रीवादळ आदळले, समुद्र शहरात शिरला आणि एक लाख माणसे मृत्युमुखी पडली. जगातील सर्वांत प्राणघातक चक्रीवादळांच्या अनेक याद्यांत ही ओळ वर्षानुवर्षे वाचायला मिळते. याद्यांतून ती लेखांत गेली, लेखांतून अभ्यासकांच्या लिखाणातही शिरली. अडचण एवढीच, की हे वादळ झालेच नाही.

आजचा धागा या ‘वादळा’विषयी. त्यात एक दुवा आपल्या कोल्हापूरचाही आहे. तो पुढे येईल.

मुंबईवर खरोखरच मोठे चक्रीवादळ आले तर काय होईल, हा प्रश्न कादंबरीकार अमिताव घोष यांना पडला आणि त्यांनी कोलंबिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ ॲडम सोबेल यांना तो विचारला. घोष यांच्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) या पुस्तकात मुंबईच्या वादळांची चर्चा आहे. सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या नियतकालिकात मुंबईला असलेल्या चक्रीवादळाच्या धोक्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. १८८२ची घटना घडलीच नव्हती, हे त्यांनी त्यात स्पष्ट नोंदवले.

पण एखादी गोष्ट घडली नाही, हे सिद्ध कसे करायचे? बाराव्या शतकातील कोकणातल्या एखाद्या गावाबद्दल कागद गप्प असतील, तर त्या मौनाला फारसा अर्थ नसतो. तिथे बोलणारे कागदच नाहीत. मौन पुरावा ठरते ते एकाच परिस्थितीत : घटना घडली असती तर जे कागद हटकून बोलले असते, तेच गप्प असतील तेव्हा.

१८८२ची मुंबई अशीच बोलकी होती. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून हवेच्या दाबाच्या आणि वाऱ्याच्या नोंदी नियमित होत होत्या. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले होते आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख होते. १८७० पासून मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडलेली होती. मराठी, गुजराती, इंग्रजी वृत्तपत्रे जोमात होती. अवघ्या सहा वर्षांपूर्वी, १८७६ मध्ये, बंगालमधील बाकरगंजच्या चक्रीवादळाने सुमारे दोन लाख बळी घेतले, तेव्हा त्या दलदलीच्या मुलखातूनही सरकारी अहवालांची रीघ लागली. मग साम्राज्याच्या मुख्य बंदरात एक लाख मेले आणि कोणी दखलच घेतली नाही, असे कसे मानायचे?

आता कोल्हापूरचा दुवा. करवीर संस्थानचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना दिवाण माधवराव बर्वे यांच्या कारभारात छळले जात आहे, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी केला. त्यासाठी काही पत्रेही छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. छापलेली पत्रे बनावट निघाली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना मुंबईत चार महिन्यांची शिक्षा झाली. ती त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात भोगली. १०१ दिवसांनी, ऑक्टोबरअखेर, दोघे सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले.

तारखा जुळवून पाहा. म्हणे ६ जूनला शहरातील दर आठांमागे जवळपास एक माणूस मेला. आणि सहाएक आठवड्यांत त्याच शहरात एका संस्थानी दिवाणाच्या अब्रूचा खटला रीतसर चालतो, निकाल लागतो, महाराष्ट्र त्याच विषयावर तावातावाने बोलतो. त्याच उन्हाळ्यात इजिप्तच्या युद्धासाठी हिंदी पलटणी मुंबई बंदरातून जहाजांवर चढल्या. उद्ध्वस्त बंदरातून फौजा जात नाहीत.

(या योगायोगाकडे दुर्लक्ष करणे मला जमत नाही : खोट्या कागदावर विश्वास ठेवल्याबद्दल दोन संपादक ज्या वर्षी तुरुंगात गेले, नेमके तेच वर्ष पुढे कोणीतरी खोट्या वादळासाठी निवडले.)

जनगणनेचा दाखला मात्र जपून वापरावा. मुंबईची लोकसंख्या १८७२ मध्ये ६,४४,४०५, १८८१ मध्ये ७,७३,१९६ आणि १८९१ मध्ये ८,२१,७६४ होती. दुसऱ्या दशकात वाढ मंदावलेली दिसते. ‘हीच वादळाची खूण’ असे म्हणण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु पहिल्या दशकात १८७६-७८चा दुष्काळ होता आणि पोटासाठी घाटावरून माणसे मुंबईत लोटली होती. तो फुगवटा ओसरला की वाढ मंद दिसणारच. संहार काय खुणा ठेवतो, हे पाहायचे तर १८९६ची प्लेगची साथ पाहावी. १९०१च्या जनगणनेत लोकसंख्या ७,७६,००६ पर्यंत घसरली, रोगनिवारणाचे कठोर कायदे आले आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र ट्रस्ट उभा राहिला. शहराचे रस्तेसुद्धा त्या साथीने बदलले. १८८२च्या वादळाने एक अर्जही मागे ठेवलेला नाही.

फुगवलेला आकडा टिकून राहण्याचे हे पहिले उदाहरण नव्हे. ऑक्टोबर १७३७ मध्ये कलकत्त्याला वादळाने झोडपले, ते खरे. मृतांचा आकडा मात्र तीन लाख सांगितला गेला आणि लंडनच्या मासिकातून जगभर पसरला. त्या वेळी अख्ख्या कलकत्त्याची वस्तीच तीन लाखांच्या जवळपासही नव्हती. भूगर्भशास्त्रज्ञ रॉजर बिल्हम यांनी १९९४ मध्ये मूळ कागद तपासले, तेव्हा कंपनीच्या नोंदीत शहरातील बळी सुमारे तीन हजार आढळले. तिथे खऱ्या वादळावर दोन शून्ये चढली होती. मुंबईच्या बाबतीत वादळच शून्यातून आले.

मग ज्ञानकोशातल्या अशा लेखाचे करायचे काय? पहिला विचार येतो तो पुसून टाकण्याचा. मला तो चुकीचा वाटतो. लेख पुसला, की उद्या जुन्या यादीचा आधार घेऊन कोणीतरी तो सद्भावनेने पुन्हा लिहील. त्याऐवजी लेखाचा विषय बदलावा : ‘१८८२ मध्ये मुंबईत झालेले चक्रीवादळ’ हा विषय सोडून ‘१८८२ मध्ये झाले असे सांगितले जाणारे चक्रीवादळ’ हा घ्यावा. पहिल्याच वाक्यात ही घटना घडली नसल्याचे सांगावे. बाजूच्या चौकटीतील मृतांचा आकडा काढावा. लोक चौकट वाचतात, खालची तळटीप वाचत नाहीत. आणि तो लेख ज्या ज्या यादीला जोडलेला आहे, तिथली ओळही दुरुस्त करावी, नाहीतर मुळाशी घाव घालून फांद्या हिरव्याच राहायच्या.

आणखी एक गाठ आहे. विकिपीडियावर संपादकाला स्वतःचे संशोधन मांडता येत नाही. तुम्ही ग्रंथालयात बसून जून १८८२ची सगळी वृत्तपत्रे चाळली, तरी ‘मला काही सापडले नाही’ हे तिथे चालत नाही. प्रसिद्ध झालेला आधार लागतो. मिथकाच्या बाजूने छापील आधार ढीगभर होते, कारण ते सगळे एकमेकांवरून उतरवलेले होते. म्हणून २०१९चा तो शोधनिबंध मोलाचा. आधार मोजायचे नसतात. प्रत्येकाने माहिती कुठून घेतली हे मागे मागे जाऊन पाहायचे असते. दहा पुस्तके एकाच यादीपाशी पोचत असतील, तर तो आधार एकच.

यात केवळ अभ्यासकांचा वाद नाही. ‘१८८२चे खोटे निघाले, म्हणजे मुंबईला चक्रीवादळाचे भय नाही’, असा उलट निष्कर्षही लोक काढतात. नोव्हेंबर १८५४चे वादळ खरे होते : सुमारे हजार माणसे गेली आणि चार तासांत पाच लाख पौंडांची मालमत्ता नष्ट झाली, असे तेव्हाचे अंदाज आहेत. नोव्हेंबर १९४८ मध्येही मुंबईला चक्रीवादळाने गाठले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या बाजूला, रायगडच्या किनाऱ्यावर आले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईजवळून समुद्रातून पुढे सरकले आणि त्यात पी-३०५ हा बार्ज बुडून अनेक कामगार गेले. काल्पनिक एक लाखांपुढे १८५४चे खरे हजार कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

ज्यांना ज्ञानकोशात भर घालायची आहे, त्यांनी मराठीत आधी १८५४च्या त्या वादळावर लिहावे.